गैरअर्जदार : इयत्ता चौथी

आपल्या व्यवसायातील अनुभव लिहून पाठवावेत, असे संपादक महाशयांचे पत्र आले तेव्हा मी सवयीने प्रथम त्या पत्राची रचना तपासली. मायना यथायोग्य होता, मजकूर आटोपशीर होता. मागणी मात्र ढिली होती. किती पाने हवीत, कोणत्या मुदतीत हवीत आणि मी न लिहिल्यास ते काय करणार आहेत, याचा कोठेही उल्लेख नव्हता. अशा पत्रावर तलाठीसुद्धा जागचा हलत नाही. तथापि दिवाळी अंकांतून आजवर डॉक्टर लिहून गेले, वकील लिहून गेले, फौजदार लिहून गेले, इतकेच काय पण नाटकाचा पडदा ओढणारे गृहस्थही लिहून गेले. आणि या सर्वांचे अर्ज ज्याने लिहिले त्याला कोणी विचारले नाही. ही उणीव दूर होत आहे असे पाहून मी लेखणी उचलली आहे.

मी अर्जनवीस आहे. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या कचेरीसमोर, लिंबाखाली माझी बैठक आहे. तालुक्याचे नाव मी लिहीत नाही, आणि पुढे ज्या वाडीची हकीगत येणार आहे तिचेही लिहिणार नाही, कारण त्या प्रकरणातील दोन्ही पक्ष माझे कायमचे गिऱ्हाईक आहेत. माझे शिक्षण आठवीच्या वर्गापर्यंत झाले. परीक्षेचा तेवढा योग आला नाही. त्यामुळे माझी भाषा पुस्तकांनी बिघडलेली नाही, ती थेट कचेरीत घडलेली आहे. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि कोर्टातल्या वकिलांना तर फारच ठाऊक आहे. तेव्हा दुरुस्ती करण्याचे कारण पडलेले नाही.

ज्यांच्यावर कचेरीची पायरी चढण्याची वेळ आली नाही, त्यांना आमचे काम थोडक्यात सांगतो. मनुष्य येतो तो एक तर संतापून येतो किंवा रडवेला होऊन येतो. त्याच्या बोलण्यात शिव्या असतात, पाहुणे असतात, आजोबांच्या वेळचा बांध असतो, मुद्दा नसतो. तो मुद्दा हुडकून काढून, साहेबाला राग येणार नाही पण झोपही लागणार नाही असा कागद तयार करणे, हे आमचे कसब. धारूरकडच्या एका गृहस्थांना मोराविरुद्ध दाद मागायची होती, कारण तो मोर त्यांच्याच हरभऱ्यात नाचे आणि भावाच्या हरभऱ्यात नाचत नसे. घाटनांदूरच्या एका म्हातारबाईंना थेट मुख्यमंत्र्यांना कळवायचे होते की त्यांची सून बोलत नाही. मी दोन्ही अर्ज लिहिले आणि दोन्हींना पोच मिळाली. पुढे मोर सुधारला की नाही, हा माझ्या कामाचा भाग नव्हे.

माझ्या प्रत्येक अर्जाच्या अखेरीस एक ओळ असते: "अंतिम निर्णय होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्याचे आदेश व्हावेत." माझ्या गुरूंनी, ज्यांनी निजामी अमलात उर्दूतून अर्ज लिहिले होते, मला ही ओळ दिली. ते म्हणत, निकाल कधी लागेल हे कोणालाच माहीत नसते, म्हणून आजचा दिवस तरी बांधून ठेवावा. मोराच्या अर्जातही ती ओळ होती. तिच्यावाचून अर्ज मला उघडा वाटतो. आता जी हकीगत सांगतो ती या एका ओळीमुळे घडली, आणि त्या ओळीत आजही मला काही दोष दिसत नाही.

ते टँकरचे वर्ष होते. बालाघाटाच्या कडेला असलेल्या त्या वाडीतील निम्मी माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला गेली होती आणि जनावरे छावणीत गेली होती. साहजिकच वाडीच्या सहकारी दूध संस्थेत दूध नव्हते. परंतु संस्था सहकारी असल्यामुळे केवळ दूध नाही म्हणून बंद पडण्याची तिला आवश्यकता नव्हती. चेअरमन होते, संचालक होते, सतरंजी होती. सभा भरत होत्या. चेअरमन दगडूआप्पा हे वजनदार गृहस्थ. दुधाच्या निमित्ताने जे राजकारण वर्षभर चालायचे, ते त्या वर्षी अंगावर शिल्लक राहिले होते.

वाडीची विहीर तळाला फुटलेली होती. तिच्यात टँकर ओतला की पाणी पाहता पाहता खडकात निघून जाई. म्हणून ग्रामसभेने ठरविले की टँकर शाळेच्या हौदात रिकामा करावा. शाळा म्हणजे दोन खोल्या, चौथीपर्यंतचे वर्ग आणि एकट्या बाई. हौद सिमेंटचा होता, मुलांच्या खिचडीसाठी बांधलेला. वर उघडता येणारे पत्र्याचे झाकण आणि खाली ओळीने तोट्या. पहिल्या काही दिवसांतच तेथे घागरी चेपल्या, एका बाईच्या काकणांनी दुसरीचा हात कापला, आणि संचालक मंडळातल्या दोघांच्या झोंबाझोंबीत वर्गाचा फळा मधोमध तडकला. बाईंनी बाकी सर्व सहन केले होते. फळ्याचे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी पोरांना सांगितले, "पुस्तकात सहकाराचा धडा आहे. तो आपण हौदावर शिकू."

अशा रीतीने शाळेत पाणी सोसायटी निघाली. पोरांनीच चेअरमन निवडायचा, पोरांनीच रांग लावायची आणि मोठ्या माणसांनी ती पाळायची. मतदानासाठी प्रत्येकाला एक चिंचोका मिळाला. उमेदवारांच्या नावाची दोन मडकी ठेवली. हे एवढेच झाले असते तर शाळेची गोष्ट शाळेत राहिली असती. परंतु एका मडक्यावर नाव होते ते दगडूआप्पांच्या नातवाचे, ओंकारचे. आप्पांनी पॅनेल उभे केले. जीपला भोंगा लावून वाडीत दोन फेऱ्या झाल्या. चौथीच्या मतदारांना लिमलेटच्या गोळ्या वाटण्यात आल्या. दुसरीतील एका अपक्षाला समजावून बसविण्यात आले. दुसरे मडके होते जनीचे. जनी ही बिरू धनगराची मुलगी. तिच्या बाजूने भोंगा नव्हता, गोळ्या नव्हत्या, आणि बिरू तर मेंढरांमागे रानात होता. पोरांनी गोळ्या खाल्ल्या आणि चिंचोके जनीच्या मडक्यात टाकले. कारण विचारता एका मतदाराने पुढे मला सांगितले, "जनी शेरडं अरुंद वाटंनं एकेक काढती. ढकलू देत न्हाई."

तिची सोसायटी खरोखरच उत्तम चालली. माणसांनी नव्हे, घागरींनी रांगेत उभे राहायचे. प्रत्येक घराच्या घागरीवर पोरांनी खडूने एकेक चित्र काढून दिले होते, कंगवा, बैल, खुरपे असे. त्यामुळे अक्षर न येणाऱ्यालाही आपली जागा कळे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घागरी मुले पोचती करीत. आणि जो रांग मोडील त्याने हौदाच्या ओट्यावर उभे राहून तेराचा पाढा म्हणायचा, अशी शिक्षा होती. या शिक्षेच्या धाकाने वाडीतील कर्ती माणसे बांधावर बसून हळू आवाजात पाढे पाठ करू लागली.

एके दिवशी दगडूआप्पा माझ्या लिंबाखाली आले आणि बाजल्यावर न बसता उभेच राहिले.

"वकीलसाहेब, इलेक्शन रद करायचंय."

"संस्थेचे?"

"सोसायटीचं."

"विकास सोसायटीचे का, आप्पा?"

"न्हाई. शाळंतल्या."

मी लेखणीला टोपण लावले. "निवडून कोण आले?"

"बिरूची जनी."

"आणि पडले कोण?"

आप्पांनी लिंबाच्या शेंड्याकडे पाहिले. "आमचा ओंकार."

मी त्यांना धीर दिला, की पडण्याने माणूस लहान होत नाही आणि ओंकार तर मुळातच लहान आहे. पण संतापाचे मूळ निवडणुकीत नसावे, हे माझ्या अनुभवी कानाला कळत होते. थोडे खोदल्यावर ते बाहेर आले.

"परवा मी घागर फुडं सरकवली. जरा. तर ती पोरगी म्हणायली, आप्पा, वट्यावर चढा. पाढा म्हणा."

"मग?"

"बावन्नापस्तोर गेलतो."

"आणि पुढे?"

"फुडं बायका हसायल्या," आप्पा म्हणाले आणि बसले.

असे प्रकरण आयुष्यात एकदाच हाती येते. मी तो अर्ज दोनदा कच्चा लिहिला आणि मगच पक्का केला. गैरअर्जदार क्रमांक एक, इयत्ता चौथी, तर्फे चेअरमन कुमारी जनाबाई. गैरअर्जदार क्रमांक दोन, मुख्याध्यापिका. मुद्दे असे मांडले की, सदरहू संस्था नोंदणीकृत नाही. मतदार सज्ञान नाहीत. अर्जदार हे प्रतिष्ठित सहकारी कार्यकर्ते असून त्यांना पूर्वसूचना न देता तेराचा पाढा विचारण्यात आला. आणि सर्वांत गंभीर म्हणजे मतमोजणी होताच मतपत्रिका, म्हणजे चिंचोके, भाजून खाण्यात आल्यामुळे फेरमोजणीचा पुरावा कायमचा नष्ट झाला आहे. शेवटी अर्थातच ती ओळ. आप्पांनी अंगठ्याऐवजी सही केली आणि जाताना त्यांची चाल सुधारलेली होती.

दुसऱ्या आठवड्यात बाई आणि जनी आल्या. बाईंच्या हातात अर्जाची नक्कल होती.

"हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"होय बाई. अक्षर आवडले का?"

"आणि याला उत्तर कोण लिहून देतं?"

"तेही मीच."

जनी आपल्या बाईंकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. तिच्या वेणीला लाल लोकर बांधलेली होती. "काका, मंग तुमी खरं कोनाकडून लिव्हता?"

"दोन्हीकडून," मी म्हणालो. वाचकांनाही हेच सांगतो. शिंपी नवऱ्या मुलाचा कोट शिवतो आणि नवरीची चोळीही शिवतो. म्हणून त्याला कोणी दुटप्पी म्हणत नाही. मी उत्तर तितक्याच निष्ठेने लिहिले. चिंचोक्यांच्या मुद्द्यावर माझे वाक्य असे होते: "सदरहू मतपत्रिका सर्व उमेदवारांच्या समक्ष व सहभागाने खाण्यात आल्या असून पराभूत उमेदवाराने त्यांतील अधिक खाल्ल्या आहेत." हे वाक्य ऐकून बाई पहिल्यांदा हसल्या.

परंतु उत्तर दाखल होण्यापूर्वीच हुकूम निघून गेला होता. टंचाईच्या दिवसांत कचेरीत कागदांचे ढीग असतात आणि प्रत्येक कागद सबंध वाचायला कोणालाही उसंत नसते. अनुभवी कारकून विषय वाचतो आणि शेवटची ओळ वाचतो. या अर्जाच्या विषयात शाळेचा हौद होता आणि शेवटच्या ओळीत जैसे थे होते. पाण्यावरून वाडीत मारामारी नको म्हणून नायब तहसीलदार साहेबांनी सही केली, आणि लगेच दौऱ्याला निघून गेले. हुकुमान्वये तलाठी वाडीत आले. त्यांनी हौदाचे झाकण काढले, आत डोकावून पाहिले, पंचनामा केला, आणि पाणी ज्या ठिकाणी होते त्या ठिकाणी भिंतीवर गेरूने लाल रेघ ओढली. पुढील आदेशापर्यंत पाणी या रेघेच्या वर जाता कामा नये, खालीही येता कामा नये.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. कोतवालाने त्याला हात दाखविला. हौदात ओतले तर रेघ बुडते, म्हणून ओतता येईना. रस्त्यावर थेट टँकरमधून द्यावे तर पूर्वी तसे करताना माणसे चाकाखाली जाता जाता वाचली होती, त्यामुळे त्याला सक्त मनाई होती. ड्रायव्हरने भरलेला टँकर वळवला आणि पुढच्या गावाला नेला. वाडीने त्याच्या मागच्या गळक्या नळाकडे पाहत पाहत त्याला निरोप दिला. हौद अर्धा भरलेला, कोतवाल काठी घेऊन शेजारी बसलेला, आणि पोरांना खिचडी शिजवायला पाणी नाही, अशी परिस्थिती जैसे थे झाली.

पुढची खेपही परत गेली तेव्हा दगडूआप्पा माझ्याकडे धापा टाकीत आले.

"आवो, मी इलेक्शन थांबवा म्हनलतो. पानी थांबवा म्हनलतो का?"

"आप्पा, जैसे थे हे सर्वांत खाली असतेच."

"कावून आसतंय?"

"नेहमीच असते."

"घरात सून बोलंना झाली. कोसभर लांब झऱ्याला जायली ती. लोक माझ्या दारावरून जाताना मुद्दाम रिकामी घागर वाजवायलेत. अर्ज म्हाघारी घ्या."

मी माघारीचा अर्ज तत्काळ लिहिला. परंतु तो मंजूर करायला साहेब हवेत, आणि साहेब दौऱ्यावरून परस्पर जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. बाकी कोणाला हुकूम उठविण्याचा अधिकार नव्हता. हुकूम पाळण्याचा मात्र सगळ्यांना होता. कारकुनाने मला समजावले, की साहेब येईपर्यंत लोकांनी थोडा दम धरावा. तहान लागलेल्या माणसाला दम धरा म्हणून सांगणे हे माझ्या व्यवसायात बसत नाही. मी हुकुमाची नक्कल घेतली आणि आप्पांच्याच मोटारसायकलवर मागे बसून वाडीला गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा वर्ग चालू होता. फळा मधून तडकलेला असल्याने बाई डावीकडे गणित आणि उजवीकडे उत्तर अशी लिहीत होत्या. मला त्यांनी शेवटच्या बाकावर बसायला सांगितले. त्या बाकात माझे गुडघे मावत नव्हते. अनेक वर्षांनी वर्गात बसलो होतो. आप्पा दारातच उभे राहिले.

फळ्यावरचे गणित होते हौदाचे. वरच्या नळाने हौद अमुक वेळात भरतो, खालच्या तोटीने अमुक वेळात रिकामा होतो. दोन्ही एकदम चालू ठेवल्यास काय होईल? हे गणित आम्हांलाही होते. मी ते तेव्हा सोडवले नव्हते, पण नापसंत मात्र केले होते.

जनीने हात वर केला. "बाई, वरून भरायचं आन खालून सोडायचं. आसा येडा कोन आसतो?"

वर्ग हसला. दारात आप्पाही हसले.

"गणितात असतो," बाई म्हणाल्या. "सांग, भरायचं आणि सोडायचं सारखंच असलं तर हौदातलं पाणी कुठवर राहील?"

"हाय तितंच," जनी म्हणाली. आणि मग ती बसली नाही. खिडकीतून हौद दिसत होता. तिने आधी हौदाकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि मग सरळ माझ्याकडे. "काका, तुमच्या कागदात काय लिव्हलंय? रेघ हलायची न्हाई म्हनून लिव्हलंय, का पानी घ्यायचं न्हाई म्हनून?"

मी चष्मा लावून हुकूम पुन्हा वाचला. साहेबांनी घाईत सही केली होती, पण मजकूर माझ्या अर्जावरूनच उतरवलेला असल्यामुळे तो स्वच्छ होता. "हौदाची परिस्थिती जैसे थे ठेवायची, म्हणजे पाणी रेघेवर ठेवायचे," मी म्हणालो. "याहून अधिक काही नाही."

"मंजी वरून येईल तितकं खालून गेलं तर?"

मी साहेबांच्या बाजूने विचार केला, तलाठ्यांच्या बाजूने विचार केला, आणि आप्पांच्या बाजूनेही केला, कारण ते माझे अशील होते. "तर हुकुमाचे तंतोतंत पालन होईल," मी म्हणालो.

तलाठ्यांना बोलावून विचारले. ते म्हणाले, "मी रेघ बघणार. बाकीचं माझ्या पंचनाम्यात नाही."

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा सगळी वाडी शाळेच्या आवारात होती. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. टँकरचा पाइप वरून हौदात सोडला, खाली साऱ्या तोट्या उघडल्या. पण टँकर पाणी ओततो धबाधबा आणि तोटी देते बेताने. म्हणून ड्रायव्हरला कॉक अर्धाच उघडून त्यावर हात धरून बसावे लागले. खाली एक घागर निघून दुसरी लागायला क्षणभर उशीर झाला तरी वर पाणी चढणार होते. रांग मोडणे आता गैरवर्तन राहिले नव्हते, ते हुकुमाचे उल्लंघन झाले होते. आणि हौदाच्या कठड्यावर बसून रेघेवर डोळा ठेवायला मोठ्या आवाजाचा माणूस हवा होता. असा आवाज वाडीत एकाचाच होता. निवडणुकीत भोंग्यावर तोच ओरडला होता. जनी म्हणाली, "ओंक्या, तू चढ वर."

ओंकारने आजोबांकडे पाहिले. आप्पांनी मान वळवली. तो चढला.

"चढलं," ओंकार वरून ओरडला, की ड्रायव्हर कॉक आवळायचा आणि जनी खाली बायकांना हात करायची. "उतरलं," की कॉक सैल व्हायचा. घागर किती वेळ तोटीखाली ठेवायची याला माप हवे होते. पोरांनी ठरवले, एक घागर म्हणजे एक पाढा. मग साऱ्या आवाराने एका सुरात पाढा म्हणायला सुरुवात केली. तेरा एके तेरा. बायका म्हणत होत्या, कोतवाल म्हणत होता, कॉक धरलेला ड्रायव्हरही म्हणत होता. आप्पा रांगेत होते. तेरा चोक बावन्न झाले, तेरा पंचे पासष्ट झाले, आणि लोकांच्या आवाजावर स्वार होऊन आप्पा पुढे थेट शेवटापर्यंत गेले. एका संचालकाने मध्येच आपली घागर पुढे रेटली तेव्हा त्यांनीच मागे वळून त्याला धरले.

"सरक म्हाघारी बे. पोरगं वरून बोंबलायलंय, दिसंना का? रेघ चढायली."

मला तहान लागली होती. हुकूम एका अर्थी माझ्याच शब्दांत लिहिलेला असल्याने मी थोडा पुढे होऊन ओंजळ धरली. जनीने माझ्याकडे न पाहताच म्हटले, "काका, रांग." मी रांगेत उभा राहिलो. पाढा मला येत होता. सोयीसाठी इतरांच्या किंचित मागून म्हटला.

टँकर रिकामा झाला. वाडीतले एकूण एक भांडे भरले होते. तलाठ्यांनी झाकण वर करून आत पाहिले आणि रेघेवर पाणी असल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्या दिवसापासून प्रत्येक खेप अशीच उतरली. जे काम सोसायटी निघण्यापूर्वी मारामारीशिवाय कधी झाले नव्हते, ते रोज पाढ्यावर होऊ लागले.

यथावकाश साहेब परतले आणि सुनावणीची तारीख लागली. हे साहेब नोकरीत नवे होते, तरुण होते, आणि प्रत्येक गोष्टीचा निकाल लावला पाहिजे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्यासमोर एका बाजूला दगडूआप्पा, दुसऱ्या बाजूला जनी आणि बाई, आणि मध्ये दोन्ही बाजूंचे कागद घेऊन मी, असे आम्ही उभे राहिलो.

"अर्जदारांचा माघारीचा अर्ज आलेला दिसतो," साहेब म्हणाले. "छान. मंजूर करून टाकतो."

"तो मी म्हाघारी घेतो साहेब," आप्पा म्हणाले.

"काय?"

"म्हाघारी घ्यायचा अर्ज म्हाघारी घेतो. पैला अर्ज ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी तिसरा अर्ज पुढे सरकवला; तो तयारच होता.

"ठीक आहे. मग अर्जावर निकाल देतो. गैरअर्जदारांचं काय म्हणणं आहे?"

"निकाल नगं," जनी म्हणाली.

"अगं, निकाल तुझ्या बाजूनं लागेल."

"नगं साहेब. निकाल लागला की कोन तरी जिंकंल. मंग परत ढकलाढकली. हुकूम हाय तवर रांग हाय."

साहेब आप्पांकडे वळले. "आणि तुम्ही? तुमचा नातू तर हरला आहे. तुम्हाला न्याय नको?"

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पोरगं रोज कठड्यावर बसतंय साहेब. सगळी वाडी त्याचं ऐकायली. इलेक्शन रद झालं तर त्याला तितून उतरावं लागंल. अर्ज पडून आसू द्या. खात न्हाई, पीत न्हाई."

अर्जनवीस म्हणून मी कचेरीत आयुष्य काढले. तारीख लांबावी म्हणून एक पक्ष धडपडतो आणि दुसरा कपाळावर हात मारतो, हे रोजचे आहे. दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन न्यायाला थांबवून धरलेले मी त्या एकदाच पाहिले. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, हौदाचा पंचनामा वाचला, तलाठ्यांचा रोजचा अहवाल वाचला. प्रत्येक दिवशी पाणी रेघेवर होते. मग त्यांनी लेखणी घेतली.

"बरं. पुढची तारीख कधीची देऊ?"

"पाऊस पडल्यावरची," जनी म्हणाली.

"असं लिहिता येत नाही, बाळ," कारकून म्हणाले.

साहेबांची लेखणी कागदाच्या वर तशीच थांबली होती. मला बोलण्याचा अधिकार नव्हता, तरीही मी अदबीने खाकरलो आणि म्हणालो, "नैसर्गिक परिस्थिती अनुकूल होईपर्यंत सुनावणी तहकूब, असे लिहावे, साहेब."

साहेबांनी लिहिले. माझ्या वाक्यातील एकही अक्षर त्यांनी बदलले नाही.